पेटीला न वाचता येणारी तबकडी



प्रथम एक अलीकडचीच हकीकत सांगतो. २०२३ सालच्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांत निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला. कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. त्या वादात मला आज शिरायचे नाही. मला सांगायची आहे ती त्या शोधातील एक अडचण. तहसिलांतून आणि जुन्या दप्तरखान्यांतून कागद निघाले. कागद शाबूत होते, शाईही बऱ्याच ठिकाणी शाबूत होती. पण ते लिहिलेले होते उर्दूत नाही तर मोडीत. आपला धाराशिव जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथला कारभार उर्दूत चाले, हे आपण जाणताच. आता ते वाचणार कोण? मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली, उर्दू जाणणारी माणसे बोलवावी लागली. म्हणजे लिहिलेले जागेवर होते, वाचणारा मात्र उठून गेला होता.

हेच तुमच्या घरातही घडलेले आहे, असे मी म्हटले तर तुम्हाला नवल वाटेल. तुमच्या घरी मोडी दप्तर नसेल. पण टीव्हीखालच्या फळीवर, नाही तर लग्नाच्या पत्रिका ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत, चकचकीत तबकड्यांची एक चवड नक्की असेल. कोणावर मार्करने 'हळद' लिहिलेले, कोणावर 'बारसे', कोणावर तुळजापूरच्या आईचे चित्र छापलेले. त्या तबकड्या वाजवणारी पेटी, म्हणजे आपण ज्याला डीव्हीडी प्लेअर म्हणत होतो तो, एक तर माळ्यावर गेला आहे किंवा भंगारवाल्याने नेला आहे. आणि पेटी असली तरी ती प्रत्येक तबकडी वाचीलच असा नेम नाही. वाचता आले नाही की ती पडद्यावर इंग्रजीत एक ओळ दाखवते. तिचा अर्थ एवढाच, की हा प्रकार मला येत नाही.

ही ओळ आली कोठून, तिचा इतिहास आज पाहू.

गाणे किंवा चित्र साठवणे म्हणजे एक प्रकारचे लिहिणेच होय, आणि ते पुन्हा दाखवणारे यंत्र म्हणजे वाचणारा. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात आधी करार झालेला असावा लागतो. अमुक खूण म्हणजे अमुक आवाज, असा. हा करार जेथे झाला तेथे काम सुरळीत चालले. जेथे दोन कंपन्यांनी दोन करार केले तेथे गिऱ्हाइकाचा पैसा बुडाला. ग्रामोफोनच्या काळापासून हे असेच चालत आले आहे.

१९०२ साली फ्रेड गायस्बर्ग नावाचा गृहस्थ कलकत्त्यास आला आणि त्याने हिंदुस्थानातील गाण्यांचे पहिले मोठे ध्वनिमुद्रण केले. त्या तबकड्यांवरची रेघ नागमोडी असे. सुई डावी-उजवीकडे हलून आवाज काढी. पण पुढे पाथे या फ्रेंच कंपनीच्या तबकड्याही आपल्या देशात विकल्या गेल्या. त्यांच्यातली रेघ खालीवर जाणारी, चढउताराच्या रस्त्यासारखी. त्यांना पोलादी सुई चालत नसे, नीलमण्याचे गोल टोक लागे. आणि मौज अशी की पाथेची तबकडी त्या काळी आतल्या बाजूने सुरू होऊन बाहेर येई! आता हौशी माणसाने ती नेहमीच्या ग्रामोफोनवर चढवली तर काय व्हावे? गाणे तर नाहीच, उलट पोलादी सुईने रेघ खरवडून निघायची. दिसायला दोन्ही तबकड्या काळ्या, गोल, मधे भोक असलेल्या. बाहेरून सारखे दिसते ते आतून सारखे असेलच असे नाही, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी शंभर वर्षांपूर्वीच पैसे मोजून शिकून घेतले होते.

याच्या उलट उदाहरण तंबूतल्या सिनेमाचे. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणारे फिरते खेळवाले तुमच्यापैकी जाणत्यांनी पाहिले असतील. त्यांच्या पत्र्याच्या डब्यांत रीळ कोणत्याही कंपनीचे असो, मुंबईचे असो, कोल्हापूरचे असो की मद्रासचे असो, ते त्याच यंत्रावर चाले. कारण ३५ मिलिमीटर रुंदीची, चित्रामागे दोन्ही कडांना चार-चार भोके असलेली फीत हे प्रमाण जगाने १९०९ च्या सुमारासच मान्य केले होते. 'प्रभात'चा १९३६ सालचा 'संत तुकाराम' त्याच मापाच्या फितीवर आहे. आणि समजा यंत्र नसलेच, तरी ती फीत उजेडासमोर धरली की तुकाराम डोळ्यांना दिसतो. फीत जळू शकते, सडू शकते. १९३१ सालच्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही. परंतु जी उरली आहे ती मुकी झालेली नाही.

कॅसेटचेही तसेच. फिलिप्स कंपनीने १९६३ साली लहान ध्वनिफितीची डबी काढली आणि थोड्याच काळात तिचे माप इतर कारखानदारांना वापरू दिले. त्यामुळे जपानची टेप असो की दिल्लीच्या बाजारातली, तीच कॅसेट सगळीकडे वाजली. आपल्याकडे १९८० नंतर आराधी मंडळींची गाणी, संबळावरचा गोंधळ, भजने, पोवाडे हे सारे कॅसेटवर आले. नवरात्रात तुळजापुरास जाऊन आलेला माणूस कुंकवाच्या पुडीबरोबर कॅसेट घेऊन येई, आणि ती ट्रॅक्टरवरच्या टेपमध्ये सुगीभर वाजे. कोणाला कधी विचारावे लागले नाही की ही आमच्या टेपमध्ये चालेल ना.

चित्राच्या बाबतीत मात्र पहिल्यापासून भानगड. सोनीने १९७५ साली बेटामॅक्स काढले, जेव्हीसीने १९७६ साली व्हीएचएस. एकाची कॅसेट दुसऱ्याच्या यंत्रात शिरत देखील नसे. आपल्याकडे १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हिडिओ आला. गावात वर्गणी काढून शहरातून टीव्ही आणि व्हिडिओ एका रात्रीच्या भाड्याने आणायचा, मारुतीच्या पारावर मांडायचा आणि उजाडेपर्यंत तीन सिनेमे पाहायचे. माझ्या लहानपणी हे मी पाहिलेले आहे. या झगड्यात व्हीएचएस जिंकले, कारण ते अनेक कारखानदारांनी बनवले. पण काळाची गंमत पाहा: हरलेल्या बेटामॅक्सच्या कॅसेटी सोनीने मार्च २०१६ मध्ये बंद केल्या, आणि जिंकलेल्या व्हीएचएसचे यंत्र बनवणारा शेवटचा कारखानदार, जपानचा फुनाई, त्याने जुलै २०१६ मध्ये काम थांबवले. दोघांची तिरडी चार महिन्यांच्या अंतराने उठली.

शिवाय आणखी एक पेच होता. आपल्या दूरदर्शनचे चित्र ६२५ रेघांचे आणि सेकंदाला २५ चित्रांचे. त्याला पाल पद्धत म्हणत. अमेरिका आणि जपान यांचे चित्र ५२५ रेघांचे, सेकंदाला सुमारे ३० चित्रांचे. अमेरिकेत गेलेल्या मुलाने नातवाच्या वाढदिवसाची कॅसेट मोठ्या प्रेमाने पाठवावी, आणि इकडे ती लावल्यावर चित्र वरून खाली गडगडत राहावे, रंगही उडावा, असे अनेक मराठी घरांत झाले. पुण्या-मुंबईत अशा कॅसेटी बदलून देणारी दुकाने होती. खेड्यातल्या आजीने काय करावे?

आता येऊ मूळ विषयाकडे, चकचकीत तबकडीकडे.

चित्र अंकांत लिहायचे ठरले की पहिली अडचण जागेची. थोडा हिशेब करू. गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवावा असा आहे. डीव्हीडीवरच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन अंक, म्हणजे तीन बाइट. अशी सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला ३ कोटी ११ लाख बाइट होतात. डीव्हीडीच्या एका थरावर मावतात ४७० कोटी. भागून पाहा: जेमतेम अडीच मिनिटे! अडीच मिनिटांत मंगलाष्टके देखील धड आटोपत नाहीत. मग तीन तासांचा सिनेमा बसवायचा कसा?

तो बसवतात तो दाबून. एक चित्र पुरते लिहायचे आणि पुढच्या चित्रांत जेवढे बदलले तेवढेच लिहायचे. कीर्तनकार उभा आहे, मागची भिंत हलत नाही. मग भिंत दर वेळी कशाला लिहा? फक्त हात हलला, टाळ हलला, एवढे टिपायचे. ही युक्ती झाली. पण ती उलगडणाऱ्याला ठाऊक पाहिजे. आणि दर काही वर्षांनी अधिक हुशार युक्ती निघते. सगळ्या भांडणाचे मूळ येथे आहे.

पहिली युक्ती १९९३ साली व्हीसीडीच्या रूपाने आली. नेहमीच्या गाण्याच्या सीडीवरच चित्र बसवलेले. मावत असे सव्वा तासाच्या आत-बाहेर, म्हणून हिंदी सिनेमाच्या दोन किंवा तीन तबकड्या. पहिली संपली की कोणीतरी उठून बदलायची, तेवढ्यात चहा. चित्र बेताचेच, व्हिडिओ कॅसेटच्या तोडीचे. अमेरिकेने या व्हीसीडीकडे ढुंकून पाहिले नाही. पण चीनने आणि आपण तिला घरचे मानले, कारण ती स्वस्त होती आणि तिला कुलूप नव्हते. २००० च्या आसपास लग्नाच्या कॅसेटी बंद होऊन लग्नाच्या व्हीसीडी सुरू झाल्या. आमच्या भागात फोटो स्टुडिओवाल्याला लोक 'शूटिंगवाला' म्हणत. तो तीन तबकड्या प्लास्टिकच्या डबीत घालून, वर नवरानवरीचा फोटो चिकटवून देई. तुळजापूरच्या गल्लीत आता कॅसेटींच्या जागी देवीच्या गाण्यांच्या व्हीसीडी दिसू लागल्या. गाण्यात आराधी दिसायचे, गळ्यात कवड्यांची माळ, हातात पोत. भारनियमनाचे दिवस होते. दिवसातून कितीतरी तास वीज नसे. वीज आली की आधी पिठाची गिरणी आणि मग घरोघरी प्लेअर सुरू व्हायचा.

दरम्यान १९९६ साली जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत डीव्हीडी निघाली होती. तिच्याही जन्माआधी दोन तट पडले होते: एका बाजूस सोनी आणि फिलिप्स, दुसऱ्या बाजूस तोशिबा आणि तिचे सोबती. संगणक बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दटावले की तुम्ही भांडाल तर आम्ही कोणाचीच तबकडी घेणार नाही, तेव्हा १९९५ साली तडजोड झाली. लोकांच्या सुदैवाने एवढे एक भांडण दुकानात यायच्या आधी मिटले.

पण मिटले म्हणजे काय, एक मिटले आणि तीन उभे राहिले. पहिले कुलपाचे. सिनेमा कंपन्यांनी जगाचे सहा भाग पाडले. अमेरिका पहिल्या भागात, युरोप आणि जपान दुसऱ्यात, आपण आफ्रिका आणि रशियासह पाचव्यात, चीन सहाव्यात. पहिल्या भागातली तबकडी पाचव्या भागातल्या पेटीने वाचायची नाही. तबकडीवर ओरखडा नाही, पेटीत बिघाड नाही, तरी चित्र नाही, केवळ हुकूम! मला हा प्रकार पहिल्यापासून खटकत आला आहे. लिपी न येणे समजू शकते, पण वाचता येत असून न वाचणे ही निव्वळ अडवणूक झाली. स्वस्त चिनी पेट्यांनी हे कुलूप बहुतेक ठिकाणी मानलेच नाही. आणि आपल्या निर्मात्यांनीही शहाणपणा केला. परदेशातल्या भारतीय घरांत तबकडी चालावी म्हणून बऱ्याच हिंदी सिनेमांच्या डीव्हीडी त्यांनी कुलपाविना आणि अमेरिकी पद्धतीच्या चित्रात काढल्या. तोवर आपल्याकडच्या पेट्या आणि टीव्ही दोन्ही पद्धती समजू लागले होते.

दुसरे भांडण घरी लिहिल्या जाणाऱ्या तबकडीचे. कारखान्यात छापलेल्या तबकडीवर खड्डे असतात. घरच्या तबकडीवर रंगाचा एक थर असतो आणि लेझरचा किरण तो रंग जाळून खुणा करतो. सीडी वाचणारा किरण ७८० नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा. घरच्या सीडीचा रंग पहिल्या किरणाला नीट परतवतो, दुसऱ्याला नाही. म्हणून सुरुवातीच्या काही डीव्हीडी पेट्या, महाग असूनसुद्धा, शूटिंगवाल्याने दिलेल्या व्हीसीडीला ओळखच देत नसत. मग कारखानदारांनी पेटीत दोन किरण बसवले. पुढे घरी लिहायची डीव्हीडी निघाली, तर तिचेही दोन पंथ: एकाच्या नावात उणे चिन्ह, दुसऱ्याच्या नावात अधिक. दुकानदार विचारायचा, 'मायनस देऊ का प्लस?' आणि गिऱ्हाईक त्याच्याच तोंडाकडे पाहायचे.

या काळात तबकडी इतकी स्वस्त झाली की विश्वास बसू नये. मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास अनेक भाषांतले सिनेमे २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी या भावाने विकले. एका नारळाच्या, फार तर दोन नारळांच्या किमतीत सिनेमा! तीच कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कायद्याखाली मोडीत निघाली.

तिसरे भांडण सर्वांत गुंतागुंतीचे, आणि तुमच्या-माझ्या पेटीवर ती इंग्रजी ओळ आणणारे. १९९९ साली जेरोम रोटा या फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टची दाबण्याची एक नवी युक्ती उचलून तीत फेरफार केले. तिला नाव पडले डिव्हएक्स. डीव्हीडीवरचा अख्खा सिनेमा आता एका साध्या सीडीवर बसू लागला. संगणकावर ते चाले, पण टीव्हीखालच्या पेटीवर नाही. म्हणून २००३ पासून डिव्हएक्स समजणाऱ्या पेट्या आल्या, आणि चिनी कारखान्यांनी त्या दोन-चार वर्षांत आपल्या बाजारापर्यंत पोचवल्या. दुकानदार अभिमानाने सांगे, 'साहेब, ही सगळं वाचते.'

सगळे वाचत नव्हती. ते का, हे समजण्यासाठी गावच्या गिरणीवर चला. पोत्यावर नुसते 'धान्य' असे लिहिलेले आहे. आत ज्वारी आहे, तूर आहे की वाळलेली मिरची, हे पोते सोडल्याशिवाय कळत नाही. गिरणीवाला ज्वारी दळून देईल, मिरची मात्र पिठाच्या जात्यात घालू देणार नाही. तिला कांडप यंत्र वेगळे. एव्हीआय, एमपी-फोर, एमकेव्ही ही जी नावे तुम्ही फाइलच्या शेवटी पाहता, ती पोत्यांची नावे होत. आतला माल वेगळा असतो, तोही दोन प्रकारचा: चित्र एका युक्तीने दाबलेले आणि आवाज दुसऱ्याच. तेव्हा 'माझी पेटी एव्हीआय वाचते' या बोलण्याला 'माझी गिरणी पोते दळते' यापेक्षा जास्त अर्थ नाही. चित्राची युक्ती ओळखीची निघाली पण आवाजाची नाही, तर मुके चित्र दिसते. आवाजाची ओळखीची निघाली पण चित्राची नाही, तर काळ्या पडद्यामागून आवाज येतो. कधी युक्ती तीच असते, पण लिहिणाऱ्याने तीत एखादी जास्तीची खुबी वापरलेली असते, उदाहरणार्थ हालचाल ठिपक्याच्या चौथ्या भागापर्यंत बारीक मोजण्याची; मग पेटी अडखळते आणि माणसाच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात.

तुम्ही विचाराल, संगणकाला जमते ते पेटीला का जमू नये? कारण संगणकाला नवा धडा देता येतो. पॅरिसच्या एका तंत्रमहाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या खटपटीतून निघालेला, २००१ पासून सर्वांना फुकट मिळणारा व्हीएलसी हा कार्यक्रम घाला, की तो जवळजवळ कोणतेही पोते सोडून दाखवतो. पेटीत मात्र एक ठरीव चिप असते. तिचे शिक्षण कारखान्यातच संपते. २००६ साली घेतलेली पेटी २००६ पर्यंत शिकलेली. त्यानंतर जग कितीही पुढे गेले तरी ती शाळेत जात नाही. आणि जग पुढे गेलेच. २००३ साली मान्य झालेली एच-२६४ ही नवी युक्ती हळूहळू मोबाइलच्या कॅमेऱ्यात आणि इंटरनेटवरच्या चित्रांत सर्वत्र आली. मोबाइलमधले बारसे पेन ड्राइव्हवर घालून जुन्या पेटीला लावले की तीच इंग्रजी ओळ.

पेन ड्राइव्हचे नाव निघाले म्हणून शिक्षकबंधूंसाठी थोडे सांगून ठेवतो. २०१५ नंतर लोकवर्गणीतून गावोगाव शाळांना टीव्ही संच मिळाले आणि धड्यांची चित्रे पेन ड्राइव्हवर येऊ लागली. तेव्हा पुष्कळ गुरुजींना हा अनुभव आला आहे की घरी संगणकावर चाललेला धडा वर्गात चालत नाही आणि चाळीस मुले तोंडाकडे पाहत बसतात. पेन ड्राइव्हचीही मांडणी असते. एनटीएफएस नावाची मांडणी अनेक पेट्या वाचत नाहीत. फॅट-३२ वाचतात, पण तीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल ठेवताच येत नाही. फाइलला 'पाचवी गणित' असे मराठीत नाव दिले, तर जुन्या पेटीवर नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. चित्राखालच्या मराठी ओळींच्या जागी चौकोन येतात. पेटी बनवणाराच्या मनात देवनागरी आलीच नव्हती. अशा वेळी नाव रोमन अक्षरांत लहान ठेवावे, चित्र साध्या एमपी-फोरमध्ये आणि फार मोठे नसलेले करून घ्यावे, आणि आदल्या संध्याकाळी शाळेच्या संचावरच एकदा लावून पाहावे. यात कमीपणा काही नाही.

ज्या नभोवाणीवरून अशी भाषणे होतात तिचा या बाबतीत मला हेवा वाटतो. मध्यमलहरींवरचे जे केंद्र चालू आहे ते १९५५ सालच्या दिव्याच्या रेडिओवर आजही ऐकू येते. आजोबांचा रेडिओ नातवाच्या काळातले बोलणे ऐकतो. नातवाची फाइल मात्र बापाच्या पेटीला कळत नाही.

असो. आता शेवटी घरची एक गोष्ट सांगतो.

आमचे गाव तेरणेच्या काठचे. २००४ साली चुलत बहिणीचे लग्न झाले. हळदीच्या दिवशी जात्याला हळकुंड बांधून बायका हळद दळायला बसल्या आणि माझ्या आजीने ओव्या म्हटल्या. तालुक्याच्या शूटिंगवाल्याने ते टिपले आणि तीन व्हीसीडी दिल्या. आजी २००७ साली गेली. तिचा दुसरा आवाज घरात कोठे नाही. त्या काळी मोबाइल तिच्यापुढे धरावा असे आम्हा शिकलेल्यांपैकी कोणाला सुचले नाही. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मी वर्गात शिकवत होतो, आणि माझ्याच घरची ओवी तीन ओरखडलेल्या तबकड्यांवर पडून होती.

२०१० च्या दिवाळीत पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतण्याने त्या तबकड्या संगणकात उतरवल्या. शिकत्या मुलाचा उत्साह. त्याने चित्र डिव्हएक्सच्या पद्धतीने दाबले आणि आवाज एएसी नावाच्या नव्या पद्धतीने, सगळे एका एव्हीआयमध्ये बांधून पेन ड्राइव्हवर आणले. पाडव्याच्या संध्याकाळी घरची सगळी माणसे टीव्हीपुढे बसली. पेटीने चित्र दाखवले. आजी जात्याशी बसलेली, डोक्यावरचा पदर सावरते आहे, खुंट्याला हात, ओठ हलताहेत. आवाज नाही. पुतण्याने आवाज वाढवला, वायर हलवली, पेटी बंद करून पुन्हा लावली. पुन्हा तेच.

माझी आत्या पुढे सरकून बसली. म्हणाली, "माय तर गातीया की. मग ऐकू का येईना?"

पुतण्या तिला पोते आणि मालाची गोष्ट आपल्या परीने समजावू लागला. तिचे लक्ष नव्हते. ती आजीच्या ओठांकडे आणि फिरणाऱ्या हाताकडे पाहत होती. जात्याचा फेरा कोठे संपतो ते पाहून तिने सूर धरला आणि ओवी म्हणायला लागली. पडद्यावर आजी, इकडे आत्या. चार ओव्या झाल्या, पाच झाल्या. माझे वडील उठून ओसरीवर जाऊन बसले.

पुतण्याने पुढच्या सुट्टीत आवाज साध्या एमपी-थ्रीमध्ये करून आणला. चित्राला त्याने हातही लावला नव्हता. आता पेटी आजीला बोलू देऊ लागली. आम्ही कान देऊन ऐकले. ओव्या त्याच होत्या. एके ठिकाणी तेवढा फरक निघाला. भावाच्या ओवीत आजीने आपल्या भावाचे, म्हणजे माझ्या वडिलांच्या मामांचे नाव घेतले होते. आत्याने त्या जागी माझ्या वडिलांचे नाव घातले होते.

मी आत्याला तसे म्हटले. ती म्हणाली, "मग? माझा भाऊ तर ह्योच की रे."